बाळाला वरचं दूध

नऊ वर्षं मी औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासते आहे. बाटलीवर जे चिकटतं ते आधी माझ्या डोळ्यांखालून जातं. एकदा ‘जेवणाआधी’च्या जागी ‘जेवणाआधि’ छापून आलं, तर मी अख्खा गठ्ठा परत पाठवला. सुपरवायझर म्हणाला, “अहो, गोळी ऱ्हस्व घेतली काय न् दीर्घ घेतली काय, पोटातच जाणार ना?” मी म्हटलं, “पोटात काय जातंय ते कळावं म्हणूनच लेबल असतं.” तेव्हापासून तो मला ‘वेलांटी’ म्हणतो, अगदी तोंडावर. म्हणू दे. नऊ वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचं लेबल बाहेर गेलेलं नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायची. आता ऐकवत नाही.

गुंडी पाच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. गुंडी म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या गुंडीएवढं होतं, म्हणून गुंडी. नवरा बोटीवर असतो. आठवड्यातून एकदा त्याचा फोन येतो आणि त्यातला निम्मा वेळ “ऐकू येतंय का, ऐकू येतंय का” यातच जातो. घरात आम्ही तिघीच: मी, गुंडी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. एकतीस वर्षं पोस्टात टपालाची वर्गवारी करून निवृत्त झाल्या. बोलणं मोजकं, हात मात्र भराभर चालतो.

कामावर जायच्या आठवडाभर आधी त्या म्हणाल्या, “एवढ्याशा जिवाला टाकून जाणार?”

तो ‘टाकून’ शब्द मला असा झोंबला! मी म्हटलं, “टाकून नाही, तुमच्याजवळ ठेवून. आणि घरात बसून राहिले तर माझं डोकं फिरेल, तुमच्यासारखं.”

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं, हा नको होता. पण माफी मागेन तर मी कसली? त्या दिवसापासून आमचं बोलणं “आले”, “बरं”, “झोपली का” एवढ्यावर आलं. बाकी जे काय सांगायचं ते फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावून.

त्यातच वरच्या मजल्यावरच्या बाईचं प्रकरण आलं. ती शिवणकाम करायची, एकटीच राहायची. तिला दोन महिन्यांचा मुलगा होता आणि बाळंतपणानंतर तिला जी औषधं चालू होती त्यांच्यामुळे डॉक्टरांनी अंगावर पाजायला मनाई केली होती. पावडरीचं दूध त्या पोराच्या पोटात ठरत नव्हतं. आमच्या दोघींची डॉक्टरीण एकच. तिनं मला विचारलं, रोज एखादी बाटली देशील का, थोडं जरी मिळालं तरी त्याचं पोट सावरेल. माझं रक्त तपासून झालं, सगळं ठीक निघालं. मी हो म्हटलं. त्या बाईला मी जिन्यात एकदा ओझरतं पाहिलं होतं, तेवढीच ओळख.

तर मी व्यवस्था लावली. पहाटे घरी काढलेली एक बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ती त्या बाईसाठी. कारखान्यात दिवसभरात काढलेल्या तीन बाटल्या वरच्या कप्प्यात, त्या दुसऱ्या दिवशी गुंडीला. आणि दारावर चिठ्ठी लावली. दोन ओळी, सुवाच्य अक्षर, शेवटी पूर्णविराम.

“बाळाला वरचं दूध. बाकीचं वरच्या मजल्यावर.”

आईंनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं.” मला वाटलं, अजून राग धरून बसल्यात.

कारखान्यात पहिल्या दिवशी मी सुपरवायझरला म्हटलं, “मला तीनदा वीस-वीस मिनिटं लागतील. दूध काढायचंय. जागा दाखवा.”

त्याचे कान लाल झाले. “इथे?”

“नाही, गोठ्यात. इथेच हो!”

त्यानं मला बाद लेबलांची खोली दिली. चुकलेल्या तारखा, पुसट शाई, उलटी छपाई, असे सगळे गठ्ठे फाडायला जाईपर्यंत तिथे पडून असतात. खिडकी नाही, दाराला कडी नाही. मी स्टूल दाराला टेकवून बसायची, पाठीनं दार दाबून, आणि पंप लावायची. तो पंप घुर्र-फस, घुर्र-फस करायचा. बाहेर बायका हसत हसत डबे घेऊन गच्चीवर जायच्या, त्यांची पावलं माझ्या पाठीला कळायची. गेटवरचा म्हातारा पहारेकरी संध्याकाळी माझी बर्फाची पिशवी उघडून बघायचा. “काय आहे?” “दूध.” “कुठल्या डेअरीचं?” “घरच्या.” दिवसभरात माझ्याशी एवढी थट्टा करणारा तो एकटाच.

पण यंत्रासमोर पान्हा फुटत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाळ समोर नाही हे छातीला बरोबर कळतं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास बसून बाटलीचा तळ जेमतेम भिजला. फोनमधला गुंडीचा फोटो बघितला. काही नाही. कंटाळून मी लेबल आधी लिहून ठेवावं म्हटलं. तारीख, वेळ, आणि खाली शेऱ्याची रिकामी ओळ. त्या ओळीत मी, जी छापील लेबलावर एक टिंब जास्त खपवून घेत नाही ती मी, लिहिलं: “बाळा, इथे फार उकडतंय. तू पंख्याखाली आहेस ना?”

आणि पान्हा फुटला. भरून वाहायला लागलं.

मग तीच सवय पडली. आधी ओळ लिहायची, मग दूध यायचं. पाच-सहा महिन्यांच्या पोरीला काय वाचता येतंय! पण दुसरं होतं कोण मला लिहायला? “बाळा, आज सकाळपासून कुणाशी बोलले नाही, हे पहिलंच.” “सावकाश पी, ठसका लागेल.” “आज सगळ्या गच्चीवर जेवल्या, मला कुणी हाक मारली नाही. नाहीतरी मला गच्ची आवडत नाही.” “खोटं लिहिलं, आवडते.” आणि जवळजवळ प्रत्येकीच्या शेवटी: “संध्याकाळी येते.”

घरी आले की पिशवी आईंच्या हातात द्यायची आणि गुंडीला घ्यायची. पण गुंडी माझ्याकडे येईना. पहिल्या आठवड्यात यायची, प्यायची. मग तोंड लावायची आणि रडायची. मग नुसती रडायची. रविवारी आई गुंडीच्या बाटल्या भरून ठेवून बहिणीकडे गेल्या की आम्ही दोघीच असायचो, आणि ती दिवसभर दाराकडे बघत बसायची. मला पहाटे उठायचं म्हणून रात्री ती आईंजवळ झोपायची. आंघोळ घालायच्या आई, झोपवायच्या आई, हसायचीसुद्धा आईंकडे बघून. म्हटलं, असू दे. माझं दूध तरी तिच्या पोटात जातंय. दिवसातून तीनदा मी तिच्यात जाते. हे जोवर आहे तोवर मी तिची आई आहे, आणि ज्या दिवशी हे आटेल त्या दिवशी या घरात मी संध्याकाळी मुक्कामाला येणारी पाहुणी.

एकदा मी आईंना विचारलं, “सगळं दूध संपतं?”

“सगळं जातं,” त्या म्हणाल्या.

मला केवढा आनंद झाला! शब्द तपासणं हा माझा धंदा, आणि ‘संपतं’ला ‘जातं’ असं उत्तर आलेलं माझ्या लक्षात येऊ नये.

पंचविसाव्या दिवशी दूध कमी झालं. सव्विसाव्या दिवशी दोन बाटल्यासुद्धा पुरत्या भरल्या नाहीत. त्या दिवशी मला काही लिहायलाच सुचलं नाही. नुसती तारीख आणि वेळ घातली. सत्ताविसाव्या दिवशी तीनदा बसून कशीबशी एक बाटली झाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाद लेबलांच्या ढिगात बसून मी स्वतःच्याच छातीला शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

त्या संध्याकाळी घरी येऊन चपला काढतेय तोच दार वाजलं. वरची बाई. गळ्यात माप घ्यायची टेप, बाहीला रंगीबेरंगी दोरे चिकटलेले, हातात शाळकरी वही.

“ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?” ती दारातूनच म्हणाली. “आज सकाळी ज्या बाटल्या आल्या त्यांच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. मला राहवेना.”

“कशावर काय लिहिलेलं नव्हतं?”

तिनं वही उघडली. आत माझी लेबलं. वाफ देऊन अलगद सोडवलेली, तारखेप्रमाणे ओळीनं चिकटवलेली. माझं अक्षर, माझे पूर्णविराम. इथे फार उकडतंय. सावकाश पी. खोटं लिहिलं, आवडते.

“पहिल्यांदा वाटलं, चुकून आलं असेल,” ती सांगायला लागली. “मग रोजच यायला लागलं. माझ्याशी दिवसभर बोलायला कोण आहे, ताई? गिऱ्हाईक येतं, माप देतं, जातं. मी हे बाळाला मोठ्यानं वाचून दाखवायची. आता त्याला काय कळतंय, मलाच ऐकायचं असायचं.” मग ती जरा लाजली. “पण तुम्ही कधी आला नाहीत. म्हटलं, दमत असतील.”

“कुठे आले नाही?”

“वर. रोज लिहिता ना, संध्याकाळी येते.”

पहाटेच्या बाटल्यांवर मी कधीच काही लिहीत नव्हते. ओळी फक्त कारखान्यातल्या बाटल्यांवर होत्या, वरच्या कप्प्यातल्या, गुंडीच्या. आणि त्या सगळ्या इथे होत्या, एकूण एक. मी तिला काय म्हटलं ते नीट आठवत नाही. येते, बरी आहे, असं काहीतरी. ती गेली आणि मी दार लावलं.

“आई!” मी एवढ्यानं ओरडले की गुंडी दचकून रडायला लागली. “वरच्या कप्प्यातल्या बाटल्या कुठे जातात?”

“वर,” आई म्हणाल्या. “वरच्या आणि खालच्या, सगळ्या. तूच लिहिलंयस.”

“मग गुंडी काय पिते?”

“वरचं दूध.” त्या आपल्या कपाटाशी गेल्या आणि साड्यांच्या मागून पावडरीचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. “तूच लिहिलंयस.”

मी फ्रिजच्या दाराकडे बघितलं. बाळाला वरचं दूध. अरे देवा! चिठ्ठी लिहिताना मी फ्रिज उघडून उभी होते, माझ्या डोक्यात कप्पे होते. वरचा कप्पा, खालचा कप्पा. पण वरचं दूध म्हणजे आईचं नव्हे ते, डब्याचं, पिशवीचं, गाईचं, हे शेंबडं पोरही सांगेल. माझी आई मला लहानपणापासून ऐकवायची, तू वरच्या दुधावर वाढलीस म्हणून अशी चिडकी झालीस. वेलांटीसाठी गठ्ठे परत पाठवणारी मी, आणि स्वतःच्या पोरीचं लेबल मी असं लिहिलं.

“पण विचारायचं तरी एका शब्दानं!”

“काय विचारायचं?” आईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “एकतीस वर्षं जो पत्ता लिहिलाय तिथे पोचवत आले. का पाठवता, असं कुणाला विचारलं नाही. बाटलीवरची तुझी अक्षरंसुद्धा वाचली नाहीत, दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणून. आणि तुला विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस? तुमच्यासारखं डोकं नाही फिरलं माझं, असंच ना?”

मी डबा उचलून त्याचं लेबल वाचायला लागले.

“मला वाटलं, हिनं पोरीला तोडायचंच ठरवलंय,” त्या म्हणाल्या. “स्वतःचं दूध लोकांना आणि पोटच्या पोरीला डबा. रडले मी त्या दिवशी.”

“मग डबा लपवलात कशाला?”

“शेजारणी येता-जाता डोकावतात. कुणी बघितला असता तर तुला नावं ठेवली असती.”

सत्तावीस दिवस आम्ही दोघी एकमेकींवर रागावून एकमेकींना सांभाळत होतो, आणि मधल्या मधे पोरीची सवय तुटली.

मी त्या दिवशीची एकुलती एक बाटली काढली. निम्मं दूध गुंडीच्या बाटलीत ओतलं, कोमट केलं. आईंनी स्वतःहून गुंडीला माझ्या मांडीवर दिलं. तिनं एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं माझ्या हातावर थुंकली. पुन्हा दिलं, पुन्हा थुंकली, आणि हात पसरून आजीकडे झेपावली. तिला ती चव ओळखीचीच राहिली नव्हती. मी चिडायला हवं होतं, पण नुसतं रिकामं रिकामं वाटलं.

“सवय लागेल परत,” आई म्हणाल्या. “दोन्ही मिसळून देऊ. हळूहळू तुझं वाढवत नेऊ.”

देऊ. नेऊ. महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी आम्हा दोघींना एका शब्दात घातलं होतं. तेवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

उरलेलं निम्मं बाटलीत तसंच होतं, न उष्टावलेलं. मी झाकण लावलं आणि जिना चढून वर गेले. बावीस पायऱ्या. दार उघडंच होतं. आत एकच खोली, आणि जिथे बघावं तिथे कापड. मशीनवर, पलंगावर, जमिनीवर, पाळण्याच्या कडेवर. शिवलेलं, न शिवलेलं, टाचण्या लावलेलं. फक्त खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होती.

“आले,” मी म्हटलं.

तिनं मशीन थांबवलं. “बसा ना. ती तुमचीच खुर्ची. संध्याकाळी मोकळी करून ठेवते, आणि तुम्ही येत नाही असं दिसलं की परत कपडे ठेवते.”

मी बसले. तिनं बाळाला उचललं, बाटली दिली. ते पोर असं गटागटा प्यायला लागलं की मला तिकडे बघवेना. तिला मी खरं काय ते सांगितलं नाही. त्या ओळी तुझ्यासाठी नव्हत्या, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि कोण जाणे, असतीलही.

“आज काय लिहिलंय?” तिनं बाटली फिरवून बघितली. “आजही कोरंच?”

“सुचलं नाही.”

“मग तोंडानं सांगा.”

मी तोंड उघडलं ते कारखान्यात आज उकडत होतं हे सांगायला, आणि हमसून हमसून रडायला लागले. रडता रडता सगळं सांगितलं: ती खोली, दाराला टेकवलेलं स्टूल, गच्चीवर जाणारी पावलं, दूध आटत चाललंय म्हणून बसलेला धसका. ती ऐकत होती. मग एकदम माझ्या अंगाकडे बोट दाखवून म्हणाली, “ताई!”

माझा ब्लाउज दोन्ही बाजूंनी भिजला होता. तीन दिवस ज्या छातीनं यंत्राला ठेंगा दाखवला होता, ती आता थांबायचं नाव घेईना.

“जा, आधी खाली जा,” ती म्हणाली. “खुर्ची कुठे पळत नाही.”

मी बावीस पायऱ्या धावत उतरले. आई गुंडीला घेऊन खोलीत फेऱ्या मारत होत्या. माझ्याकडे बघून त्यांना काही सांगावं लागलं नाही. “बस आधी, बस,” म्हणत त्यांनी गुंडीला माझ्या मांडीवर दिलं आणि पाठीशी उशी सरकवली. गुंडीनं तोंड फिरवलं. मी तिला ओढलं नाही. “बाळा,” मी म्हटलं, “आज काय झालं सांगू का?” आणि जे रोज शेऱ्याच्या ओळीत लिहायची ते मोठ्यानं सांगायला लागले. आई समोर बसून ऐकत होत्या. गच्चीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले.

सांगता सांगता गुंडीचं तोंड वळलं. तिनं तोंड लावलं आणि ओढलं. एक. दोन. तीन. चार. पाचव्याला तोंड फिरवून रडायला लागली.

“चारच,” मी म्हटलं.

“उद्या पाच पिईल,” आई म्हणाल्या, आणि उठून फ्रिजवरची चिठ्ठी काढायला गेल्या.